ठिबकची नळी, भुसावळचे स्टेशन आणि हरभऱ्याचा दाणा

श्रोतेहो, नमस्कार.

चोपडा तालुक्यातील आमच्या शेतात विजेची पाळी रात्रीची असली की मोटार सुरू करण्यासाठी मध्यरात्री बांधावरून जावे लागते. काही वर्षांपूर्वी मार्गशीर्षातील अशाच एका रात्री बॅटरी घेऊन माझ्यापुढे चालणारा आमचा सालदार एकाएकी थबकला, दोन पावले मागे सरला आणि दबक्या आवाजात म्हणाला, ‘‘नाना, साप शे.’’ मीही पाहिला. केळीच्या ओळीतून अर्धे अंग बाहेर काढलेला, काळाभोर, अंगावर ओलसर चकाकी असलेला साप होता आणि त्याची एक हालचालही मला दिसली, हे मी आजही शपथेवर सांगू शकेन. बॅटरीचा झोत नीट पडल्यावर कळले की ती ठिबकची तुटलेली नळी होती. आम्ही दोघेही हसलो. मात्र विज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस असल्यामुळे एक गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. मी नळी पाहून ‘हा साप असावा’ असा तर्क केला नव्हता. मला सापच दिसला होता. आणि एकदा नळी दिसल्यानंतर कितीही प्रयत्न केला तरी त्याच जागी पुन्हा साप दिसेना.

वेदान्ताच्या चर्चेत दोरी आणि साप यांचा दाखला फार जुना आहे. आमच्या भागात दोरीची जागा आता ठिबकच्या नळीने घेतली आहे, एवढाच काय तो फरक. एकोणिसाव्या शतकात हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने याच प्रश्नाकडे शरीरशास्त्राच्या बाजूने पाहिले आणि असे मांडले की, आपले पाहणे हे मुळातच एक अनुमान असते. ते इतक्या झटपट आणि आपल्या नकळत होते की आपल्याला ते अनुमान न वाटता प्रत्यक्षच वाटते. डोळ्यांकडून येणारी माहिती अपुरी असते, अंधारात तर फारच अपुरी असते, आणि उरलेली जागा मेंदू पूर्वानुभवावरून भरून काढतो. ही भरती करताना तो निःपक्षपातीही नसतो. नळीला साप समजण्याची किंमत म्हणजे दोन पावले मागे जाणे. सापाला नळी समजण्याची किंमत काय होते, हे शेतावर राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. ज्या चुकीत तोटा कमी, त्या चुकीकडे मेंदूचा काटा झुकलेला असतो.

आपण आत्ता माझे बोलणे ऐकत आहात, तेथेही हेच चालले आहे. मध्यम लहरींवर कार्यक्रम ऐकताना पावसाळ्यात वीज चमकली की खरखर होते आणि एखादे अक्षर त्यात बुडून जाते. तरीही आपल्याला शब्द पूर्णच ऐकू येतो. १९७० मध्ये रिचर्ड वॉरेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ध्वनिमुद्रित वाक्यातील एक आवाज कापून काढला आणि तेथे खोकल्याचा आवाज बसवला. ऐकणाऱ्यांना वाक्य अखंड वाटले आणि खोकला नेमका कोठे आला, हेही त्यांना नीट सांगता येईना. गंमत अशी की त्या जागी खोकल्याऐवजी निव्वळ शांतता ठेवली तर तुटलेला शब्द लगेच लक्षात येतो. खरखर असली की मेंदू समजतो, आवाज आहे पण झाकला गेला आहे. शांतता असली की समजतो, आवाज नव्हताच.

आता भुसावळ जंक्शनवर येऊ. आपली गाडी उभी आहे, शेजारच्या रुळावर दुसरी गाडी उभी आहे आणि खिडकीतून त्या गाडीचे डबेच तेवढे दिसत आहेत. अचानक आपली गाडी निघते, डबे मागे सरकू लागतात, आपण पाय सावरून बसतो. आणि मग शेजारच्या गाडीचा शेवटचा डबा निघून जातो, पलीकडचा फलाट आणि चहाचा ठेला जागच्या जागी दिसतो, आणि कळते की आपण तसूभरही हललेलो नव्हतो. हा अनुभव घेतला नाही असा खानदेशी प्रवासी मिळणे कठीण आहे.

आपला तोल आणि आपली हालचाल सांगणारे इंद्रिय आतल्या कानात असते. तेथे द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका मान किंवा शरीर वळल्याचे टिपतात, आणि बारीक खडे असलेल्या दोन पिशव्या सरळ रेषेतील वेगाचा बदल व गुरुत्वाकर्षणाची दिशा टिपतात. येथे ‘बदल’ या शब्दावर माझा भर आहे. गाडी एकसारख्या वेगाने सरळ धावत असेल, तर आतल्या कानाच्या दृष्टीने ती उभ्या गाडीसारखीच असते. म्हणून स्टेशनवर गाडी अगदी अलगद निघते तेव्हा कानाला फारसे काही सांगता येत नाही आणि निर्णय डोळ्यांवर सोपवला जातो. डोळ्यांचा आयुष्यभराचा अनुभव असा की, समोरचे सगळेच्या सगळे दृश्य एकाच दिशेने सरकू लागले तर जग हललेले नसते, आपण हललेलो असतो. हा नियम रानात, रस्त्यावर, घरात कोठेही चुकत नाही. तो चुकावा म्हणून दोन आगगाड्या शेजारी शेजारी उभ्या कराव्या लागतात. त्यामुळे याला इंद्रियांचा दोष म्हणण्याची जी पद्धत आहे, ती मला फारशी पटत नाही.

बदल टिपायचा आणि जे स्थिर आहे ते सोडून द्यायचे, हा केवळ आतल्या कानाचा नव्हे तर सगळ्याच ज्ञानेंद्रियांचा स्वभाव आहे. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पाहुणे म्हणून गेलात तर पहिल्या रात्री प्रत्येक मालगाडीला जाग येते आणि यजमान मात्र घोरत असतात. उन्हाळ्यात पंखा चालू असताना आपल्याला जाग येत नाही, लाइट गेली आणि पंखा थांबला की येते. सरकीच्या तेलाच्या घाण्याजवळ राहणाऱ्याला तेलाचा वास येत नाही, तसा आपल्याला आपल्या घराचाही वास येत नाही. चार दिवस बाहेरगावी राहून परत आल्यावर दार उघडताच तो क्षणभर येतो आणि पुन्हा हरवतो.

स्पर्शाचेही तसेच आहे. जुने लोक सांगत की विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट असते आणि उन्हाळ्यात गार असते. खोल विहिरीच्या पाण्याचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. बदलते ते आपल्या कातडीचे आणि भोवतालच्या हवेचे तापमान. खात्री करायची असेल तर सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने लिहून ठेवलेली गोष्ट घरी करून पाहावी: एक हात गार पाण्यात आणि दुसरा सोसवेल इतक्या गरम पाण्यात मिनिटभर ठेवावा आणि मग दोन्ही हात एकाच वेळी साध्या पाण्याच्या बादलीत घालावेत. एकाच बादलीतले तेच पाणी एका हाताला गरम आणि दुसऱ्याला गार लागते, आणि मन दोन्ही गोष्टी एकदम मान्य करते. थर्मामीटर अंश सांगतो. कातडी आधीच्या तुलनेत किती कमीजास्त, ते सांगते.

आता कापसाकडे वळू, कारण कापूस आमच्या घरातला. ‘एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड?’ हे कोडे आपण लहान मुलांना घालतो आणि मूल ‘लोखंड’ म्हणाले की हसतो. परंतु मुलाचे उत्तर इतके हसण्यासारखे नाही. तराजूवर नीट तोललेले किलोभर कापसाचे गाठोडे आणि एक किलोचे लोखंडी वजन, दोन्हींना सारखी दोरी बांधून डोळ्यांदेखत एकामागून एक उचलून पाहा. लोखंड जड लागते, आणि चांगलेच जड लागते. फ्रान्समधील ओगुस्तँ शार्पांतिए याने १८९१ मध्ये याविषयी लिहिले: सारख्या वजनाच्या दोन वस्तूंपैकी आकाराने लहान असलेली वस्तू हाताला अधिक जड वाटते. सोपे स्पष्टीकरण असे दिले जाई की, मोठी वस्तू पाहून आपण जास्त जोर लावतो, ती अपेक्षेपेक्षा पटकन वर येते आणि म्हणून हलकी वाटते. परंतु २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की, थोड्याच वेळा उचलल्यावर बोटे दोन्ही वस्तूंना अचूक सारखाच जोर लावायला शिकतात, तरीही लहान वस्तू जड वाटण्याचे काही थांबत नाही. बोटांना खरे वजन कळलेले असते. आपल्याला कळत नाही. या भ्रमाचे पुरते कारण काय, याबाबत अभ्यासकांचे आजही एकमत नाही.

वजनाचाच विषय निघाला आहे तर लाइपझिगचे प्राध्यापक एर्न्स्ट हाइनरिख वेबर यांचे नाव घेतले पाहिजे. १८३० च्या दशकात त्यांनी वजने उचलून दाखवून दिले की, हाताला कळणारा कमीत कमी फरक ठरावीक ग्रॅमचा नसतो, तो मूळ वजनाच्या ठरावीक भागाएवढा असतो. उचलण्याच्या वजनाबाबत साधारण चाळीसाव्या भागाच्या आसपास. म्हणजे किलोभर मेथीच्या जुडीत पंचवीस ग्रॅमचा फरक चाणाक्ष हाताला जाणवू शकेल, परंतु दहा किलोच्या पिशवीत तो अडीचशे ग्रॅमपर्यंत गेल्याशिवाय जाणवणार नाही. हातावर तोलून भाव करणाऱ्या बाजारात याचा लाभ कोणाला होतो, ते श्रोत्यांनी ओळखावे. हा नियम मात्र सरावाने थोडाफार वाकतो. रुईचा पुंजका दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढून धाग्याची लांबी सांगणारे व्यापारी जळगावच्या बाजारात मी पाहिले आहेत. बोटाच्या टोकावर दोन टोकदार स्पर्श दोन ते तीन मिलिमीटर अंतरावर असले तरी ते दोन म्हणून ओळखता येतात. पाठीवर मात्र तेच अंतर सुमारे चार सेंटिमीटर व्हावे लागते. ब्रेल लिपीतील टिंबांमधले अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास आहे, आणि ती लिपी बोटांनीच का वाचली जाते, हे यावरून ध्यानात येईल.

खानदेशात बसून इंद्रियांविषयी बोलायचे आणि तिखटाविषयी बोलायचे नाही, हे शक्यच नाही. शेवभाजीच्या वाटीवर लाल तर्रीचा थर तरंगतो आहे, बाहेरगावचा पाहुणा पहिला घास घेतो आणि त्याच्या कपाळावर घाम डवरतो. तिखट ही चवच नव्हे, असे शरीरशास्त्र म्हणते. जिभेवरील रुचिकलिका गोड, आंबट, खारट, कडू या चार चवी आणि उमामी नावाची पाचवी, १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी दाखवून दिलेली चव, एवढ्याच ओळखतात. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य रुचिकलिकांना काही सांगत नाही. ते वेदना आणि उष्णता सांगणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवरील एका ग्राहक प्रथिनाला जाऊन चिकटते. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हे प्रथिन शोधून काढले, त्याला टीआरपीव्ही-१ असे नाव आहे, आणि या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक आर्डेम पॅटापूशियन यांच्यासोबत मिळाले. हे प्रथिन एरवी सुमारे ४३ अंश सेल्सिअसला जागे होते. आपल्या वैशाखातल्या दुपारचाच हा आकडा. कॅप्सेसिन चिकटले की ते त्याहून कमी तापमानालाही उघडते, आणि मेंदूला निरोप जातो की तोंड भाजते आहे. मेंदू बिचारा भाजण्यावरचा उपाय करतो, म्हणजे घाम आणतो. पाहुणा ‘जाळ झाला’ म्हणतो तेव्हा तो अलंकारिक बोलत नसतो. त्याच्या मज्जातंतूंनी अगदी हेच कळवलेले असते. पुदिन्यातले मेंथॉल याच पद्धतीने, पण गारवा सांगणाऱ्या दुसऱ्या प्रथिनावर काम करते, म्हणून ते थंड लागते.

कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून अशा पाहुण्याला तांब्याभर पाणी देऊन उपयोग होत नाही. दूध किंवा दही द्यावे, त्यातील स्निग्धांश आणि केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला ओढून घेतात. पिंजऱ्यातला पोपट मात्र हीच मिरची मजेत खातो, कारण पक्ष्यांमधील हे प्रथिन कॅप्सेसिनला दाद देत नाही. मिरचीच्या दृष्टीने हे सोयीचेच झाले. पक्षी बिया न चावता दूरवर नेऊन टाकतात.

आपल्या षड्रसांत तिखट आणि तुरट हे दोन्ही आहेत, आणि नव्या शास्त्राच्या हिशेबात दोन्ही चवी नाहीत. तुरटपणा म्हणजे कच्च्या केळीतले किंवा सुपारीतले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधते आणि तोंडाला कोरडा, खरबरीत स्पर्श जाणवतो, तो. तरीही षड्रसांची यादी चुकीची आहे, असे मी म्हणणार नाही. जेवणाऱ्या माणसाला तोंडात जे जाणवते, त्याची ती यादी आहे आणि त्या अर्थाने पुरी आहे. जाता जाता, आयुर्वेदातला ‘कटु’ रस म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. मराठीत आपण ‘कटू’ हा शब्द कडूसाठी वापरून मोठा घोटाळा करून ठेवला आहे. दुसरा घोटाळा माझा स्वतःचा. जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू, कडांना आंबट आणि खारट, असा नकाशा मी अनेक वर्षे वर्गात फळ्यावर काढत आलो. १९०१ च्या एका जर्मन प्रयोगातील किरकोळ फरक पुढे पाठ्यपुस्तकांतून फुगत गेला आणि त्यातून तो नकाशा तयार झाला. प्रत्यक्षात सगळ्या चवी जिभेच्या सगळ्या रुचिकलिकायुक्त भागांवर कळतात. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी ऐकत असेल तर त्याने ती आकृती खोडावी.

आणि भरीत? कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी, लाकडी बडगीत कुटलेली, सोबत कळण्याची भाकरी. यातला जो धुराचा स्वाद म्हणून आपण जिभेवर घोळवतो, तो मुख्यतः नाकाचा आहे. घास चावताना सुटणारे गंधाचे कण घशाच्या मागून नाकात चढतात आणि मन तो वास तोंडात आहे असे मानते. नाक चिमटीत धरून भरिताचा घास घ्या, मीठ आणि तिखट कळेल, भरीत कळणार नाही; मग चिमटी सोडा. सर्दीत ‘तोंडाला चव नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा जीभ निर्दोष असते. गंधासाठी माणसाजवळ सुमारे चारशे प्रकारची ग्राहक प्रथिने आहेत. ती घडवणाऱ्या जनुकांचे कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधले आणि त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. मृगाच्या पहिल्या सरीला काळ्या जमिनीतून जो वास उठतो, त्यातील जिओस्मिन हे द्रव्य मातीतले जीवाणू बनवतात, आणि एक हजार अब्ज भागांत त्याचे मोजके काही भाग असले तरी आपले नाक त्याला ओळखते.

डोळ्यांकडे मी शेवटी येतो आहे, कारण डोळ्यांविषयी आपण एरवीही फार बोलतो. वेरूळ-अजिंठ्याची सहल आपण बहुतेकांनी केली आहे. फर्दापूरच्या बाजूने उन्हातून चढून यायचे, पहिल्या गुंफेत शिरायचे, काहीच दिसत नाही म्हणून पुटपुटायचे आणि दहा मिनिटांत बाहेर पडायचे, हा रिवाज मला खटकतो. डोळ्यांच्या पडद्यावर दिवसा रंग पाहणाऱ्या शंकुपेशी आणि अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी अशी दोन खाती आहेत. अंधारात शंकुपेशी सुमारे दहा मिनिटांत जुळवून घेतात, दंडपेशींना मात्र अर्धा तास लागतो. पद्मपाणी पाहायला आलेल्या माणसाने निदान थोडा वेळ डोळे मिटून पडवीत बसावे. याच दोन खात्यांची अदलाबदल होताना तिन्हीसांजेला एक चमत्कार दिसतो. शंकुपेशींना हिरवट पिवळा उजेड अधिक जाणवतो, दंडपेशींना निळसर हिरवा. तांबड्या प्रकाशाला दंडपेशी जवळजवळ आंधळ्या असतात. म्हणून केळीच्या बागेतून परतणाऱ्या बाईचे लाल लुगडे आधी काळे पडते आणि केळीची पाने त्या मानाने उजळ दिसत राहतात. यान पुर्किंये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे नोंदवले, म्हणून हा परिणाम त्याच्याच नावाने ओळखला जातो.

वैशाखात पारोळ्याच्या पुढे धुळ्याच्या रस्त्यावर जे पाणी दिसते, तो डोळ्यांचा भ्रम नव्हे. तापलेल्या डांबराजवळच्या हवेत प्रकाश खरोखरच वळतो आणि आकाशाचा तुकडा रस्त्यावर दिसतो. मोबाइलने फोटो काढला तर फोटोतही मृगजळ येते. मन फक्त एवढेच करते की, जमिनीवर चकाकणारे आकाश म्हणजे पाणी, हा जुना अनुभव लावते. उगवत्या पौर्णिमेच्या चंद्राचे मात्र उलट आहे. दत्तजयंतीच्या संध्याकाळी आमच्याकडे सातपुड्याच्या अंगाने चंद्र वर येतो तेव्हा तो परातीएवढा वाटतो, आणि मध्यरात्री डोक्यावर आला की वाटीएवढा. फोटोत हा फरक दिसत नाही. चंद्राचा व्यास आपल्या डोळ्याशी साधारण अर्ध्या अंशाचा कोन करतो, दोन्ही वेळी तेवढाच. काटेकोर बोलायचे तर क्षितिजावर तो थोडा दूर असल्यामुळे किंचित लहानच असतो. झाडे, डोंगर, घरे यांच्या पलीकडे दिसणारी वस्तू मन दूरची धरते आणि दूरची असून एवढी दिसते म्हणजे मोठीच असली पाहिजे, असा हिशेब करते, असे पुष्कळांचे मत आहे. परंतु या हिशेबावरही वाद आहेत, आणि हा वाद काही शतके चालू आहे.

येत्या पौर्णिमेला ज्यांना जमेल त्यांनी हरभऱ्याचा एक दाणा खिशात ठेवावा. चंद्र उगवताना गच्चीवर जाऊन एक डोळा मिटावा, हात पूर्ण लांब करून तो दाणा बोटांच्या टोकात चंद्रावर धरावा. परातीएवढा चंद्र दाण्यामागे पुरता झाकला जाईल. मग जेवून, झोपायला जाण्यापूर्वी पुन्हा वर जाऊन तसेच करावे. दाणा तोच असावा, आणि मधल्या वेळात तो खाऊन टाकू नये.